पंधरा दिवसांचं गवत

जून संपत आला की माझ्या ऑफिसच्या पँट्रीतल्या टीव्हीवर हिरवा रंग येतो. वर्षभर तिथे शेअर बाजार चालू असतो, आवाज बंद. मग एका सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला कोणीतरी चॅनल बदलतं आणि विंबल्डन लागतं. लंडनमध्ये तेव्हा सकाळचे अकरा वाजलेले असतात. बाहेरच्या लहान कोर्टांवरचे सामने नुकतेच सुरू होत असतात, आणि पहिल्या दिवशीचं ते गवत इतकं कोवळं, इतकं स्वच्छ असतं की कॉफी घ्यायला आलेली माणसं दोन मिनिटं उभीच राहतात. मी राहत नाही. मी कप घेऊन मुकाट्याने जागेवर येतो आणि त्या दिवशी लवकर घरी जात नाही.

सिंगापुरात ऋतू नाहीत, हे इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही कौतुकाने सांगतो. सकाळी घाम, दुपारी पाऊस, संध्याकाळी पुन्हा घाम. पण ऋतू नसले की आठवणी अडकवायला खुंट्या राहत नाहीत. अमुक गोष्ट कधी घडली हे आठवायचं तर ‘तेव्हा आपण कुठल्या फ्लॅटमध्ये होतो’ असा हिशोब मांडावा लागतो. मला मात्र एक ऋतू मिळाला आहे, नको असताना. तो पंधरा दिवसांचा असतो. पहिल्या सोमवारी हिरवागार असतो आणि दुसऱ्या रविवारी मागच्या रेषेपाशी नुसती माती उरलेली असते.

माझे वडील, अण्णा, पुण्यातल्या एका जिमखान्यात माळी होते. पुढे हेड माळी झाले. चार लॉन कोर्टं त्यांच्या हाताखाली होती. पहाटे दोघांनी दोरीची दोन टोकं धरून गवतावरून ओढत न्यायची आणि दव झाडायचं, मग रूळ फिरवायचा, मग फक्कीने रेषा आखायच्या, आणि सभासद येईपर्यंत उकिडवं बसून खुरप्याने लव्हाळा काढायचा. खाकी हाफपँट, डोक्याला टॉवेल. एका सभासदाच्या ओळखीने मला चांगल्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला होता, आणि त्याच शाळेतली माझ्या वर्गातली मुलं संध्याकाळी पांढरे कपडे घालून त्या कोर्टांवर खेळायला यायची. सुट्टीत अण्णांचा डबा पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मी तो फाटकावरच्या वॉचमनकडे ठेवायचो आणि सायकल वळवायचो. आत जायचो नाही. अण्णांनी याबद्दल मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, म्हणून त्यांच्या लक्षात आलेलं नाही असं मी बरीच वर्षं धरून चाललो.

इथे आल्यावर तर मी त्यांची नोकरीच बदलून टाकली. बिशानला एका घरच्या गणपतीत, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका गृहस्थांनी सहज विचारलं, वडील काय करायचे. मी म्हटलं, स्पोर्ट्स अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये होते. माझी बायको मृणाल शेजारी मोदकाची ताटली घेऊन बसली होती. घरी परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती इतकंच म्हणाली की माळी हा शब्द काही वाईट नाही. 

आई गेली त्या वर्षी अण्णा आमच्याकडे आले, व्हिजिट पासवर. आमचा फ्लॅट वुडलँड्सला, अकराव्या मजल्यावर. खिडकीतून पाणी आणि पाण्यापलीकडे मलेशियातल्या जोहोरच्या इमारती दिसतात. अण्णांना त्याचं काही वाटलं नाही. ते सकाळ-संध्याकाळ लिफ्टने खाली उतरायचे आणि व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेच्या कडेला, इमारतीमागच्या मैदानाकडे तोंड करून बसायचे. पाठीवर मशीन बांधून गवत कापणारी माणसं आली की उठून त्यांच्यामागे चालायचे. त्यांची भाषा यांना येत नव्हती, यांची त्यांना. तिथल्या रुंद पात्याच्या गवताकडे बोट दाखवून एकदा मला म्हणाले की हे जनावराच्या खुराचं गवत आहे, माणसाच्या पायाचं नव्हे. मी फोनवर होतो. हं म्हटलं.

आमची मुलगी सई तेव्हा बारा वर्षांची. तिचं मराठी समजण्यापुरतं, बोलणं सगळं शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत. अण्णांचं इंग्रजी म्हणजे कोर्टावर ऐकलेलं. आउट, लेट, सॉरी पार्टनर, सेम टाइम टुमारो. सई शाळेला निघाली की ते दारात उभे राहून तिला गंभीरपणे ‘सेम टाइम टुमारो’ म्हणायचे आणि ती हसून लिफ्टमध्ये शिरायची. दिवसभरात त्यांच्या तोंडून तेवढंच निघायचं. मृणाल मला सांगायची, त्यांच्याशी बोल, ते आतून वाळत चाललेत. मला कळायचं. पण काय बोलायचं हे कळायचं नाही, कारण ज्या एका विषयावर त्यांना बोलता येत होतं तो मी जन्मभर टाळला होता.

मग जून संपला.

त्या सोमवारी मी घरूनच काम करत होतो. सहाला लॅपटॉप मिटला आणि विंबल्डन लावलं. ते मी खेळाच्या आवडीने लावलं नव्हतं, हे इथेच सांगून टाकतो. अण्णा खोलीतून आले आणि सोफ्याच्या मागे, हात पाठीशी बांधून उभे राहिले. बसा म्हटलं तर म्हणाले, उभ्यानं जमीन नीट दिसते. अख्खा सेट ते उभे होते. चेंडूकडे त्यांचं लक्षच नव्हतं. मधेच म्हणाले, डाव्या कोपऱ्यातली सावली उशिरा सरकलीय, तिथं ओल आहे, हा उंच गडी तिथं घसरणार. पाचेक मिनिटांत तो उंच खेळाडू त्या कोपऱ्यात असा आपटला की पंच खुर्चीवरून उतरला. मी वळून अण्णांकडे बघितलं. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांना त्यांच्या कामाबद्दल काही विचारलं. विचारलं ते असं: ‘तुम्हाला कसं कळलं?’

त्यांचा चेहरा त्या प्रश्नाने जसा बदलला तसा मी आधी कधी बघितला नव्हता. आता तो चेहरा मला आठवायचा नसतो, तरी आठवतो.

मी का विचारलं ते सांगायला हवं. त्याच्या आदल्या वर्षी ऑफिसातल्या एकाने मला फोनवरचा एक नंबर दिला होता. इथे फुटबॉलवर आणि घोड्यांवर पैसे लावायला अधिकृत खिडक्या आहेत. टेनिसवर लावायचं तर अशा नंबरांवर, चोरून. पकडलं गेलं तर गुन्हा, गुन्हा झाला तर एम्प्लॉयमेंट पास जाणार, आणि पास गेला की नोकरी, फ्लॅट, सईची शाळा, सगळंच काही दिवसांत आवरावं लागणार. हे मला तोंडपाठ होतं. तरी मी स्वतःला जुगारी समजत नव्हतो. आमच्यासारख्या शिकलेल्या माणसांची एक खास समजूत असते की जुगारी म्हणजे जो आकडे न बघता खेळतो तो. मी तर आकडे बघत होतो, तक्ते करत होतो, मग मी जुगारी कसा?

त्या तक्त्यांमुळेच मला विंबल्डनची गोम समजली होती. वर्षभर खेळाडू सिमेंटवर खेळतात, मग पॅरिसच्या लाल मातीवर, आणि तिथून दोन-तीन आठवड्यांत गवतावर येऊन उभे राहतात. गवताचा हंगामच मुळी महिना-सव्वा महिन्याचा. त्यामुळे कोण गवतावर कसा खेळेल याचा पुरावा फार थोडा असतो, आणि पहिल्या आठवड्यात बुकींचे भावसुद्धा बरेचसे अंदाजपंचेच असतात. सिमेंटवर नाव कमावलेला मोठा खेळाडू तिथे दुसऱ्याच दिवशी घरी जातो. दुसऱ्या आठवड्यात रेषेपाशी माती उघडी पडते, पाय ठरतात, मग मोठी नावं पुन्हा वर येतात. म्हणजे कमवायचं ते पहिल्या आठवड्यात, गवत ओलं असेपर्यंत. फक्त गवत कळणारं माणूस हवं. माझ्या घरात ते सोफ्यामागे उभं होतं.

पुढचे दिवस मी सहाच्या आत घरी यायला लागलो. अण्णांना बोलतं ठेवायचं म्हणून मी ऑफिसात बसून विंबल्डनचा इतिहास वाचायचो आणि संध्याकाळी त्यांना सांगायचो. तो क्लब मुळात क्रोकेचा, म्हणजे लाकडी हातोड्याने चेंडू टोलवायच्या खेळाचा होता. अठराशे सत्त्याहत्तर साली त्यांचा घोड्याने ओढायचा रूळ मोडला, दुरुस्तीला पैसे हवे होते, म्हणून त्यांनी टेनिसची स्पर्धा ठेवली, असं सांगतात. ही गोष्ट अण्णांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावली. मग म्हणाले, म्हणजे हे सगळं रुळापायी झालं. तिकडे घोड्याच्या पायात चामड्याचे बूट चढवायचे, खूर उमटू नयेत म्हणून, हे सांगितल्यावर तर ते उठून उभेच राहिले. ते नोकरीला लागले तेव्हा जिमखान्यात रूळ बैल ओढायचा आणि बैलाच्या पायांना गोणपाट बांधायचे. बांधणारे तेच. कुठे लंडन, कुठे आमचं पुणं, असं म्हणून ते हसले, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मृणालने त्यांना हसताना बघितलं.

तिथलं गवत आठ मिलिमीटरवर कापतात म्हटल्यावर त्यांनी अंगठ्याचं नख दुसऱ्या हाताच्या बोटावर ठेवून माप बघितलं. आमची हरळी इतकी खाली नेली तर मरेल, म्हणाले. एकदा मी त्यांना इंटरनेटवर जुन्या सामन्यांच्या फिती दाखवल्या. त्यात मागच्या रेषेपासून जाळीपर्यंत गवतातून एक पिवळी पायवाट पडलेली दिसत होती, कारण तेव्हाचे खेळाडू सर्व्हिस करून पुढे धावायचे. हल्ली जाळीपाशी गवत शेवटपर्यंत हिरवं राहतं आणि झिजते ती फक्त मागची रेषा. आता पुढं कोणी जात न्हाई, अण्णा म्हणाले, सगळे आपापल्या जागेवर उभं राहून मारतात. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जमिनीवर जे दिसतं ते ते वाचत होते.

खेळाडूंची नावं त्यांना शेवटपर्यंत आली नाहीत. ते पाय ओळखायचे. हा टाचेवर पडतो. हा मातीतला आहे, घसरत थांबायची सवय आहे, इथं मोडणार. ही पोरगी बारीक पावलं टाकते, हिला गवत सांभाळून घेईल. असं ते बोलायचे आणि माझा अंगठा फोनवर चालायचा. बऱ्याचदा बरोबर यायचं. किती मिळाले ते मी लिहीत नाही. आज त्या आकड्याला काही अर्थ नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मृणालने मला स्वयंपाकघरात गाठलं. ते इतकं जीव ओतून बोलतायत आणि तू सारखा फोनमध्ये, तिने विचारलं, काय चाललंय? माझ्या तोंडून उत्तर तयारच असल्यासारखं निघालं. लिहून घेतोय, मी म्हटलं. अण्णांना जे जे येतं ते सगळं. पुढे छोटंसं पुस्तक करू, मराठीत असं काही नाहीये. तिच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते मी करतोय असं तिला वाटलं. तिने त्याच संध्याकाळी अण्णांना सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा साडेपाचलाच तयार होऊन बसू लागले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. आता ते सोफ्यामागे उभे राहत नसत. जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून माझ्यासमोर बसत, आणि मला लिहिता यावं म्हणून सावकाश, वाक्य तोडून तोडून बोलत. आधी गवताची जात. मग पाणी. मग कापणी. मग रोग. एक मुद्दा झाला की थांबायचे, माझा अंगठा थांबेपर्यंत वाट बघायचे आणि मगच पुढचं बोलायचे. सई शाळेचं काम घेऊन तिथेच बसायला लागली. पुण्याला फोन झाला की अण्णा तिकडच्या माणसांना सांगायचे, पोरगा पुस्तक लिहितोय माझ्यावर. माझ्यावर म्हणजे लॉनवर, असं लगेच दुरुस्त करायचे.

ते जे बोलत होते त्यातलं मला हवं होतं ते एखादं वाक्य. या सामन्यात कोण. बाकीच्या वेळी मी मान डोलवत होतो आणि स्कोअर बघत होतो. त्या दिवसांत आमच्या घरात जे सुख होतं ते खरं होतं, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट. मृणाल संध्याकाळी काहीतरी तळायची. सई आजोबांना फोरहँड दाखवायची. मी एकटाच त्या खोलीत वेगळ्या कामासाठी बसलेलो असायचो, आणि तरी मलाही बरं वाटायचं.

दुसऱ्या आठवड्यातला बुधवार होता. मुख्य कोर्टावरचा सामना नुकताच सुरू झाला आणि तिकडे पाऊस आला. हल्ली तिथे सरकतं छप्पर आहे. ते बंद करायचं, आत हवा खेळवायची, गवताला ओल धरू द्यायची नाही, असं सगळं होईतो अर्धा तास जातो. मृणाल ताटं घेत होती. अण्णा म्हणाले, खेळ थांबलाय तोवर वाच जरा, काय काय लिहिलंस ते. मी म्हटलं, नंतर वाचू, अजून कच्चं आहे. ते म्हणाले, कच्चंच वाच, सूनबाईंनाही ऐकू दे. मृणालने हातातलं ताट खाली ठेवलं आणि पदराला हात पुसत येऊन बसली.

नकार देता येईना. मी फोन डोळ्यांसमोर धरला आणि वाचल्यासारखं बोलायला लागलो. पहिला मुद्दा, पाणी. लॉनला पाणी संध्याकाळी द्यावं. अण्णा म्हणाले, सकाळी. मी म्हटलं, हो, सकाळी, टाइप करताना चुकलं. दुसरा मुद्दा, कापणी. आठवड्यातून एकदा. अण्णांनी माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं. मी पुढे रुळाबद्दल काहीतरी म्हटलं, आणि म्हणता म्हणता मला जाणवलं की रुळाबद्दल त्या एका घोड्याच्या गोष्टीपलीकडे, जी मीच त्यांना सांगितली होती, मला काहीही माहीत नाही. नऊ संध्याकाळी त्या माणसाने मला आपलं आयुष्य सांगितलं होतं.

सई माझ्या शेजारीच होती. तिने वाकून फोनमध्ये बघितलं. ‘बाबा, यू नॉट रीडिंग लाह,’ ती म्हणाली. ‘हिअर ओन्ली नेम्स. नेम्स अँड सेट टू, सेट थ्री. दिस फेलो रिप्लाय कन्फर्म, कन्फर्म.’

मुलं वाईट हेतूने बोलत नाहीत. तिला ते विचित्र वाटलं, म्हणून तिने सांगितलं. जिमखान्याच्या व्हरांड्यात सभासदांच्या पत्त्यांच्या बैठकी आणि पैजा छत्तीस वर्षं बघितलेल्या माणसाला त्या दोन वाक्यांतून काय कळायचं ते कळलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मृणाल माझ्याकडून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून माझ्याकडे बघत होती, तिला अजून अर्थ लागायचा होता. कोणी काही बोलायच्या आत अण्णा सईला म्हणाले, ‘राहू दे बाळ. ते त्याच्या ऑफिसचं आहे. माझं त्यानं दुसरीकडं लिहून ठेवलंय.’

मग ते उठले, हात धुऊन आले आणि म्हणाले, वाढा आता.

त्या रात्री मृणालने मला काय विचारलं आणि मी काय कबूल केलं ते तिचं-माझं आहे. तिने फोन फेकला नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त एवढं विचारलं की तू त्यांची माफी मागणार आहेस का. मी हो म्हटलं, आणि खरंच ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला मी घरी आलो. अण्णा खुर्चीवर बसले होते, घरातल्या साध्या सदऱ्यात. मी समोर बसलो. माफीचं वाक्य मनात जुळवून आणलं होतं. टीव्हीवर उपांत्य सामन्याच्या आधीची बडबड चालू होती, आणि माझ्या तोंडून निघालं, ‘अण्णा, आज कोण?’

मी असा आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. त्यांनी टीव्हीकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत त्यांनी सांगितलं, ती बारीक पावलांची पोरगी. मग उठून खोलीत गेले. ते बरोबर आलं. मी जिंकलो.

त्या वर्षीचा अंतिम सामना त्यांनी बघितला नाही. पास संपायला महिना होता तरी त्यांनी परतीचं तिकीट काढायला सांगितलं, गुडघे दुखतात असं कारण दिलं. विमानतळावर सईला जवळ घेऊन ‘सेम टाइम टुमारो’ म्हणाले, मला म्हणाले, जेवत जा वेळेवर. त्यानंतर आठवड्यातून एकदा फोन व्हायचा. रक्तदाब, पाऊस, दूधवाला. गवताचं नाव त्यांनी काढलं नाही आणि मीही विचारलं नाही. माझं खेळणं सुटलं ते काही मी सुधारलो म्हणून नाही. तो नंबर ऑगस्टमध्ये एक दिवस बंद झाला, कोणी म्हणालं तो माणूस पकडला गेला. पुढचे कित्येक आठवडे दारावर थाप पडली की मी आधी दाराच्या भिंगातून बघायचो. कोणी आलं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी अण्णा गेले. झोपेतच. मी पोचलो तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना बर्फावर ठेवलं होतं.

तेराव्यानंतर बबन भेटायला आला. हा वीस वर्षं अण्णांच्या हाताखाली होता, आता जिमखान्याचा हेड माळी. चार लॉनपैकी दोन कधीच सिमेंटची झाली होती. उरलेली दोन बबन सांभाळत होता. इकडचं तिकडचं झाल्यावर त्याने जपून विषय काढला. पावसाळा संपला की लॉनला नवी माती द्यायची असते. वारुळाची माती, नदीची वाळू आणि जुनं शेणखत, ठरावीक प्रमाणात कालवून, चाळून. हे काम अण्णा निवृत्त झाल्यावरही दरवर्षी स्वतः येऊन करायचे, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. त्या वर्षी जुलैत परत आल्यावर बबनने त्यांना म्हटलं होतं की एकदा मला प्रमाण सांगून ठेवा.

‘तर म्हणले, पोरानं सगळं लिहून घेतलंय, मापासकट,’ बबन म्हणाला. ‘मी म्हणलं, तुम्हीच सांगा की आत्ता. तर म्हणले, माझं आता डोकं चालत न्हाई, चूक व्हायची. त्याचं लिहिलेलं पक्कं असतंय. तो आला की त्याच्याकडनं घे.’

अण्णांचं डोकं शेवटच्या दिवसापर्यंत उत्तम चालत होतं. दूधवाल्याचा महिन्याचा हिशोब ते तोंडी करायचे. ते असं का म्हणाले याचा मी तीन वर्षं विचार करतोय. कधी वाटतं, त्यांनी मला परत येऊन विचारायची वाट ठेवली होती. कधी वाटतं, सईसमोर एकदा बोलून गेलेला शब्द त्यांना शेवटपर्यंत पाळायचा होता, बापाने मुलाला खोटं पाडायचं नाही एवढंच. काहीही असलं तरी अधल्यामधल्या अडीच महिन्यांत मी एकदा फोनवर विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

आणि खरं तर त्यांनी सांगितलं होतं. पहिल्या आठवड्यातला गुरुवार. हाताची मूठ वळून, पुन्हा उघडून, वारुळाची किती, वाळू किती, खत किती, पाऊस जास्त झाला असेल तर काय कमी करायचं, सगळं. मला त्यांची मूठ आठवते. त्या वेळी तीन नंबरच्या कोर्टावर दुसऱ्या सेटमध्ये चार-तीन होतं आणि डावखुरा सर्व्हिस करत होता, हेही आठवतं. प्रमाण आठवत नाही.

बबन पेन काढून बसला होता. समोरच्या माणसाला, माझ्याजवळ काही नाही, मी काहीच लिहिलं नव्हतं, असं सांगायचं एवढंच काम होतं. मी म्हटलं, वारुळाची तीन भाग, वाळू एक, खत अर्धा. अगदी ठाम आवाजात. माझा अंदाज बरेचदा बरोबर येतो, असं कुठेतरी अजूनही मनात होतं. बबनने ते चिठ्ठीवर लिहिलं, मला वाचून दाखवलं आणि घडी करून वरच्या खिशात ठेवलं.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याचा फोन आला. मी ऑफिसमधून निघून स्टेशनकडे चाललो होतो. तो म्हणाला, उन्हाळ्यात दोन्ही लॉनवर मातीचा थर घट्ट बसला. पाणी आत मुरेना, भेगा पडल्या, हरळी मुळासकट गेली. दोन महिने त्यांनी खूप केलं, पण हाती काही आलं नाही. आता कमिटीने ठरवलंय, ही दोनही सिमेंटची करायची. काम सोमवारपासून सुरू. तुमच्या कानावर घालावं म्हणून फोन केला.

‘दोन्ही?’ मी विचारलं. पलीकडे बबनला वाटलं असावं की मला अण्णांच्या लॉनचं वाईट वाटतंय, म्हणून तोच माझी समजूत घालायला लागला.

‘तुम्ही मनाला लावून घेऊ नका,’ तो म्हणाला. ‘अण्णांनी सांगितलेलं माप कधी चुकायचं न्हाई. कालवताना आमचंच काहीतरी चुकलं असणार.’

मी म्हटलं, असेल.